सहा-तीनचा हिशेब, आटपाडीत

इमारतींच्या पाणीपुरवठ्याचं जुनं भारतीय मानक पाहिलं, तर शहरातल्या माणसासाठी दिवसाला १३५ लिटर पाणी धरलेलं दिसतं. त्यातलं ४५ लिटर फक्त संडासात ओतण्यासाठी. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला नळाने द्यायचं ठरवलं ते ५५ लिटर. म्हणजे सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यातल्या एखाद्या घराने शहरी मानकाबरहुकूम संडासात पाणी ओतायचं म्हटलं, तर पिणं, स्वयंपाक, अंघोळ, धुणं आणि भांडी या सगळ्यांना मिळून माणशी दहा लिटर उरतात. कागदावरच्या या दोन आकड्यांची गाठ कुणी घालून पाहत नाही, कारण ते दोन वेगळ्या खात्यांच्या फायलींत राहतात. घरात मात्र ते एकाच टाकीतून खर्च होतात.

पाणी वाचवणारा कमोड घ्यावा का, हा प्रश्न आटपाडीत आता खरोखर विचारला जातो. डाळिंबाने हात दिलेल्या घरांत स्लॅबचं बांधकाम चाललेलं असतं. सोनं-चांदी गाळायच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगलेली खानापूर-आटपाडीकडची माणसं गावी बंगला बांधतात आणि शहरातली सवय सोबत आणतात. म्हाताऱ्या आईचे गुडघे वाकत नाहीत. मग सॅनिटरीच्या दुकानात गवंडी, प्लंबर आणि घरमालक एका खोक्यासमोर उभे राहतात. खोक्यावर ‘६/३’ असं छापलेलं असतं: मोठं बटण दाबलं तर सहा लिटर, छोटं दाबलं तर तीन. दुकानदार म्हणतो, पाण्याची निम्मी बचत.

निम्मी कशाच्या? सगळा घोळ या प्रश्नात आहे.

बचत नेहमी आधीच्या खर्चावर मोजतात. पाच माणसांचं घर धरू आणि प्रत्येक जण घरच्या संडासात दिवसाला पाच वेळा जातो असं मानू, एकदा परसाकडे आणि चारदा लघवीला. भिंतीवर दहा लिटरची जुनी टाकी असेल, तर दिवसाला २५० लिटर गेले. सहा-तीनचा कमोड बसवला तर माणशी १८ आणि घरात ९० लिटर. वाचले १६०. जाहिरात सांगते त्याहून ही बचत मोठी आहे.

आता त्याच आळीतलं दुसरं घर घ्या. संडासात बादली आणि टमरेल. लघवीनंतर दोन तांबे पाणी, म्हणजे फार तर दोन लिटर. परसाकडे गेल्यावर चार. घराचा दिवसाचा खर्च साठ लिटर. प्रत्यक्षात तो याहूनही कमी असतो, कारण लघवी बरीच माणसं न्हाणीतच उरकतात आणि पुरुष तर परसाच्या कडेलाही जातात. या घराने पाणी वाचवायचं म्हणून सहा-तीनचा कमोड आणला, तर दिवसाचा खर्च साठावरून नव्वदवर जाईल. दुकानात ज्याला बचत म्हणतात ती इथे दीडपट उधळपट्टी ठरते. शिवाय नव्वदच्या हिशेबात शौचानंतर धुण्याचं पाणी धरलेलंच नाही. कमोडबरोबर जेटचा पाइप आला की ते वेगळं वाढतं, आणि नळीतून किती गेलं ते टमरेलासारखं डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून या विषयावर बाहेर जे काही लिहिलं-बोललं जातं, ते आटपाडीला लावताना जपून लावावं लागतं. दोन बटणांच्या फ्लशचा जन्म ऑस्ट्रेलियातला. तोही कोरडा मुलुख. कॅरोमा कंपनीच्या ब्रूस थॉम्पसन यांनी १९८० मध्ये केलेल्या पहिल्या फ्लशमध्ये मोठ्या बटणाला अकरा लिटर आणि छोट्याला साडेपाच लिटर पाणी लागायचं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ते सहा आणि तीनवर आलं. अमेरिकेने १९९२ मध्ये कायदाच केला आणि १९९४ पासून घरगुती कमोडला सुमारे सहा लिटरची मर्यादा घातली. पहिली काही वर्षं लोकांनी त्याला शिव्या घातल्या. जुन्याच आकाराच्या भांड्यात पाणी तेवढं कमी केलेलं, त्यामुळे एकदा फ्लश करून भागेना, लोक दोनदा दाबू लागले. मग भांड्याचा घाट, नळीची वळणं, पाण्याचा वेग हे सगळं नव्याने घडवलं गेलं. २००३ पासून सोयाबीनच्या लगद्याचे गोळे कमोडमध्ये टाकून एका दमात किती ग्रॅम वाहून जातात हे मोजण्याची पद्धत आली. ऐकायला विनोदी वाटतं, पण याच चाचणीने निकामी कमोड बाजारातून हुसकले. आपल्याकडे २०२१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने पाणी वाचवणाऱ्या सॅनिटरी साहित्यासाठी आय. एस. १७६५० हे मानक काढलं आणि फ्रिजवर असतात तशा ताऱ्यांची सोय केली. दुकानात गेलात तर तारे विचारा.

न्यूयॉर्क शहराने १९९४ ते १९९७ या काळात लोकांना पैसे देऊन सुमारे तेरा लाख जुने कमोड बदलून घेतले आणि ते शहराला परवडलं. पण तिथले जुने कमोड एका वेळी एकोणीस-वीस लिटर पाणी घेत. जिथे आधी वीस जातात तिथे सहा म्हणजे चांदीच. आटपाडी ज्यात येते त्या माणदेशाने वीस लिटर एका फटक्यात ओतून द्यायची चैन कधी केलेलीच नाही.

माणदेशाचं पाणी म्हणजे काय, हे इथल्यांना सांगायला नको. बाहेरच्या वाचकासाठी दोन ओळी. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, पुष्कळदा त्याहून कमी, आणि तोही परतीचा. माणगंगा वर्षातला बराच काळ वाळूची. १९९३ मध्ये नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने याच आटपाडीत दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरली. कृष्णेचं पाणी वर चढवून आणा आणि ते जमीन असो-नसो प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला समान येऊ द्या, अशी मागणी तिथून उभी राहिली. आज टेंभू योजनेचं पाणी कऱ्हाडजवळून टप्प्याटप्प्याने उचलून तालुक्यात येतं. शिवारं हिरवी झाली. पण टेंभूचं आवर्तन शेताला असतं. घरचा नळ, बोअर आणि उन्हाळ्यातला टँकर यांचं वेळापत्रक निराळं आहे.

इथे एक गैरसमज पुसून टाकावा. संडासातलं पाणी वाचवून दुष्काळ हटत नाही. उन्हाळ्यात फळावर आलेल्या डाळिंबाच्या एका झाडाला ठिबकमधून दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी सहज द्यावं लागतं. वरच्या हिशेबातले १६० लिटर म्हणजे चार-पाच झाडांचं पाणी, आणि एकरात झाडं तीनशे. गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडला तर संडास तळटीपेतही यायचा नाही. मग या बचतीचा उपयोग कुणाला? ज्याला ते पाणी घरापर्यंत आणावं लागतं त्याला. घागर पंधरा लिटरची धरली तर १६० लिटर म्हणजे दहा-अकरा घागरी. त्या कोण भरतं हेही सगळ्यांना माहीत आहे. घरात फ्लशची टाकी बसवायचा निर्णय घेणारा आणि टंचाईत ती टाकी भरणारी ही बहुधा एकच व्यक्ती नसते. माझ्या मते या प्रश्नाचा निकाल तिच्या मतावर सोडावा.

पैशाचा हिशेब तर आणखी गमतीचा आहे. नळाला मीटर नसेल आणि पाणीपट्टी वर्षाला ठोक भरायची असेल, तर सहा लिटर वापरा की सोळा, बिल तेवढंच. नवा कमोड कितीही गुणी असला तरी पैशात त्याची वसुली शून्य. टँकर विकत घेणाऱ्या घराचं गणित उलटं. समजा, पाच हजार लिटरचा टँकर हजार रुपयांना पडतो, म्हणजे लिटरला वीस पैसे. दहा लिटरची टाकी काढून सहा-तीन बसवलं तर रोजचे बत्तीस रुपये वाचले. वर्षातले चार महिने टँकर लागत असेल तर जवळजवळ चार हजार. दोन-तीन उन्हाळ्यांत साधा कमोड फिटतो. ज्याचं स्वतःचं बोअर आहे त्याचं गणित या दोघांच्या मधलं: आज पाणी फुकट दिसतं, पण मोटर चालते, विजेचं बिल येतं, आणि बोअर खाली गेलं की तोही टँकरवाल्याकडेच जातो.

पण जुनी टाकी आहे म्हणून लगेच कमोड उखडायला धावू नये. दहा लिटरच्या टाकीत वाळू भरून बूच घट्ट लावलेली एक-दोन लिटरची बाटली उभी केली, की प्रत्येक फ्लशमागे तेवढं पाणी कमी भरतं. काही जण वीट ठेवतात. विटेचा चुरा सुटून झडप बिघडते, म्हणून बाटलीच बरी. गोळ्याची दांडी किंचित खाली वाकवली तरी टाकी कमी भरते. किती कमी केलं तर भांडं साफ होत नाही, हे दोन दिवसांत कळतं.

यापेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट विक्रीच्या वेळी कुणी सांगत नाही. दोन बटणांच्या टाकीत तळाला रबरी वॉशरची झडप असते. बटण दाबलं की ती उचलली जाते, सोडलं की बसते. ती नीट बसली नाही तर पाणी भांड्यात झिरपत राहतं, आवाज न करता, रात्रंदिवस. ब्रिटनमध्ये पूर्वी टाकीला सायफन सक्तीचा होता. त्यात पाणी वळणावरून चढल्याशिवाय खाली उतरतच नाही, त्यामुळे ते गळायचा प्रश्न नव्हता. आपल्याकडची साखळी ओढायची जुनी बिडाची टाकीही सायफनचीच. नव्या शतकात ब्रिटनमध्ये झडपेला परवानगी मिळाली, पाणी वाचवण्यासाठीच. आणि २०२० मध्ये लंडनला पाणी पुरवणारी थेम्स वॉटर कंपनी सांगू लागली की देशभरात हे दोन बटणांचे फ्लश जेवढं वाचवतात त्याहून जास्त गळतात. गळक्या संडासांतून ब्रिटनमध्ये रोज चाळीस कोटी लिटर पाणी जातं असा तिथला अंदाज होता. एकेक गळका कमोड दिवसाला दोनशे-चारशे लिटर पितो.

आता हा वॉशर आटपाडीच्या पाण्यात ठेवून बघा. बोअरचं पाणी क्षारांचं. बादलीला पांढरा थर धरतो, गिझरची कॉइल खातो, ठिबकचे ड्रिपर बुजवतो. तोच थर झडपेच्या कडेवर बसतो. मग ती लवकर गळू लागते. शिवाय नळ रोज येतोच असं नाही. वरची टाकी भरलेली असेल तर गळतं, आणि रिकामी झाली की गळणं आपोआप थांबतं, त्यामुळे टाकी का संपली हे ध्यानातच येत नाही. तपासायला सोपी युक्ती आहे. रात्री फ्लशच्या टाकीत कपड्यांच्या निळीचे चार थेंब टाका आणि कुणीही फ्लश करू नका. सकाळी भांड्यात निळसर पाणी दिसलं तर झडप गळते. कमोड घेतानाच त्या झडपेचा वॉशर तालुक्याच्या बाजारात सुटा मिळतो का, एवढी चौकशी केली तर ताऱ्यांइतकीच उपयोगी पडते. सुट्या भागासाठी सांगली-मिरज गाठावी लागणार असेल, तर तो कमोड कितीही गुणी असला तरी घेऊ नये.

आणि मग येतो तो संडास, ज्याचं नाव या चर्चेत क्वचितच निघतं. ग्रामीण पॅन आणि दोन शोषखड्डे. या पॅनचा उतार तीव्र असतो, पंचवीस-अठ्ठावीस अंशांचा, त्यामुळे मैला चिकटून राहत नाही. खालच्या कोंबड्यात, म्हणजे ट्रॅपमध्ये, पाण्याचा अडसर फक्त वीस मिलिमीटरचा. नेहमीच्या ट्रॅपमध्ये तो पन्नास असतो. अडसर जितका खोल तितकं तो ढकलायला पाणी जास्त. वीस मिलिमीटरने वास आणि माश्या अडतात आणि दीड-दोन लिटर पाण्यात काम होतं. बहुतेक महागड्या कमोडांनाही हा आकडा जमत नाही. खाली दोन खड्डे, जाळी ठेवून रचलेल्या विटांचे. एक भरला की नळी दुसऱ्याकडे वळवायची आणि पहिला किमान दीड-दोन वर्षं बंद ठेवायचा. नंतर त्यातून निघतं ते काळसर, बिनवासाचं सोनखत. मुरमाच्या जमिनीत हे खड्डे उत्तम शोषतात. एकच काळजी: आपला खडक काळा कातळ, भेगांचा. खड्डा आडापासून किंवा बोअरपासून निदान दहा मीटर लांब हवा, आणि भेगाळ खडक उघडा पडला असेल तर आणखी लांब.

ही अक्कल महाराष्ट्राला नवी नाही. अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात सोनखताच्या संडासांवर आयुष्य वेचलं. देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेले डॉ. सुहास मापुसकर संडासाला गोबरगॅसची जोड देऊन ‘मलप्रभा’ संयंत्रापर्यंत पोचले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आणि ग्रामविकासमंत्री असताना २००० मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू करणारे आर. आर. पाटील तर आपल्याच जिल्ह्यातल्या तासगावचे. त्या अभियानात आणि पुढे २०१४ नंतरच्या बारा हजारांच्या अनुदानात संडास पुष्कळ बांधले गेले. त्यांतले काही पुढे लाकूडफाट्याच्या खोल्या झाले, हेही खरं. कारण विचारलं तर लोक ‘पाणी नाही’ म्हणतात. थोडं खोलात गेलं की कळतं, बसवलेला पॅन साधा, कमी उताराचा, खाली खोल ट्रॅप, आणि तो साफ व्हायला बादलीभर पाणी ओतावं लागतं. दीड लिटरचा संडास कागदावर राहिला. अनुदान, विटा, पत्रा, दरवाजावरची रंगीत चित्रं सगळं जागच्या जागी होतं. पॅन तेवढा दुकानात जो होता तो आला. मला विचाराल तर पाण्याच्या दृष्टीने स्वच्छता मोहिमेची ही सगळ्यात महागडी चूक. ग्रामीण पॅन काही कमोडहून महाग नाही; तो कुणी मागत नाही म्हणून दुकानदार ठेवत नाही.

तरी गुडघ्यांचं काय? सांधेदुखीच्या माणसाला उकिडवं बसायला सांगणं हा पाणीबचतीचा मार्ग नव्हे. त्याच्यासाठी कमोड हवाच. पण कमोडला टाकी जोडलीच पाहिजे असा कुठे कायदा नाही. कमोडमध्ये बादलीने चार-पाच लिटर पाणी जरा उंचावरून, एका दमात ओतलं की तो साफ होतो. हळूहळू ओतलं तर दहा लिटरनेही होत नाही. म्हाताऱ्या माणसाला बादली उचलवत नसेल तर टाकी बसवा, पण ती सहा-तीनपेक्षा कमी पाण्याची मिळते का पाहा. सध्या बाजारात चार-दोनच्याही मिळतात. एका घरात दोन संडास असतील तर एक कमोड आणि एक उताराचा पॅन ही जोडी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते.

टंचाईत बायांनी काढलेला मार्ग तर याहून पुढचा आहे. धुण्याचं शेवटचं खळबळलेलं पाणी बॅरलमध्ये साठवायचं आणि तेच संडासाला वापरायचं. तिथे ताज्या पाण्याचा खर्च शून्य. बटणाच्या फ्लशला ही सोय नाही. साबणाचं पाणी टाकीत घातलं तर झडप आणि गोळा दोन्ही मेणचटतात आणि वास येतो तो वेगळाच. नवीन घर बांधताना न्हाणीचं आणि धुण्याच्या दगडाचं पाणी संडासाच्या दाराशी एका छोट्या हौदात उतरेल अशी पातळी गवंड्याकडून धरून घेतली, तर त्याला नळीच्या चार तुकड्यांपलीकडे खर्च नाही. एकदा फरशी बसली की मात्र ती पातळी पुन्हा मिळत नाही. मुतारीचं पाणी वेगळं काढून झाडांना देण्याचे प्रयोगही आहेत. एका माणसाच्या वर्षाच्या लघवीत साधारण दोन ते चार किलो नत्र असतं. डाळिंबवाल्याला युरियाचा हिशेब कळतो, पण घरच्यांना पटवणं अवघड, म्हणून त्याबद्दल इथे एवढंच.

सेप्टिक टँक असलेल्या घरात कमी पाण्याची धास्ती घेण्याचं कारण नाही. पाणी कमी गेलं तर मैला टाकीत जास्त वेळ राहतो आणि गाळ चांगला बसतो. अडचण लांब नळीची असते. संडासापासून टाकीपर्यंत अंतर फार असेल, उतार कमी असेल, मध्ये दोन-तीन कोपरे असतील, तर दोन लिटरने मैला मध्येच थांबतो. तेव्हा खड्डा किंवा टाकी संडासाच्या जवळ ठेवणं हीसुद्धा पाण्याचीच बचत आहे.

आणि हाच मुद्दा गावाच्या पातळीवर गेला की मोठा होतो. आटपाडीची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली. नगरपंचायत आली की आज ना उद्या भुयारी गटाराची मागणी येते, कारण गटार म्हणजे शहर अशी आपली समजूत. पण केंद्राच्या पाणीपुरवठ्याच्या १९९९ च्या निकषांत गटार नसलेल्या गावाला माणशी ७० लिटर पुरे धरले होते आणि गटार असेल तर १३५. वाढलेलं पाणी मुख्यतः गटार वाहतं ठेवायला लागतं. दोन लिटरचा पॅन आणि दूरवर जाणारं गटार एकत्र नांदत नाहीत. मैला नळीत बसतो, चेंबर तुंबतात, आणि मग तुंबलेलं धुवायला पुन्हा टँकर. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला पाणी न्यायला पहिली रेल्वे निघाली ती आपल्याच जिल्ह्यातल्या मिरजेहून, दहा वाघिणींत पाच लाख लिटर घेऊन. दहा लिटरची साखळी पन्नास हजार वेळा ओढली की ती अख्खी गाडी रिकामी. गटाराचा ठराव सभेपुढे येईल तेव्हा सदस्यांनी वाढीव ६५ लिटर गुणिले गावची लोकसंख्या एवढा एक आकडा मागून घ्यावा, ते पाणी मे महिन्यात कुठून यायचं तेही विचारावं, आणि त्याच सभेत शोषखड्डे व सेप्टिक टँक वेळच्या वेळी उपसणाऱ्या एका गाडीची किंमतही शेजारी मांडायला लावावी.